उजवी पाकळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता — तो तिथेच होता, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. तुमची माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच बोलता येईल, असं वाटतंय. बघतो.

मी गुरव. मालवणहून आचऱ्याकडे जाताना खाडीकाठी जी गावं लागतात, त्यातलं एक आमचं. देवळाची झाडलोट, पूजा, दिवाबत्ती आमच्या घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. आणि कौल लावायचं कामही.

कौल ठाऊक नसेल तर सांगतो. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची. मानकऱ्यांनी प्रश्न घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणायची, नवी होडी पाण्यात कधी लोटायची, सोयरीक जुळवायची की नाही — आमच्याकडे अजून विचारतात. वडिलांनी मला या कामातलं एकच शिकवलं. दोन्ही पाकळ्यांना पाणी एकाच बोटाने आणि सारखंच लावायचं. त्यापुढचं देवाचं काम, आपलं नव्हे.

सारखंच. केवढासा शब्द आहे, नाही?

मला आधी हलिमाबींबद्दल सांगायला हवं. बंदराजवळच्या मुसलमान वाडीतल्या त्या. नवऱ्याची होडी होती, तो गेल्यावर मुलगा ती चालवतो. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या काढायच्या — शिंपल्यांतली आमची सगळ्यात आवडती जात — आणि बाजारात नेऊन विकायच्या, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. पंचायतीवर निवडून आल्या तेव्हा लोकांना वाटलं, गप्प बसून सह्या करतील. त्या गप्प बसल्या नाहीत. जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त येतात, त्या परत समुद्रात का टाकता, म्हणून त्यांनी होडीवाल्यांना धारेवर धरलं. प्रत्येक होडीत एक रिकामी गोणी ठेवायला लावली. बाटल्या, फाटकी जाळी, पिशव्या, जे हाताला लागेल ते गोणीत भरून बंदरावर आणायचं. लोक हसले, पण आणायला लागले. देवळातही त्यांनी निर्माल्यासाठी झाकणाचा डबा आणून ठेवला. आत आल्या नाहीत, पायरीवरून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या की फुलं तरी खाडीत नकोत. मला त्यांचा आदर होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

मग पंचायतीला सुका कचरा वेगळा करायच्या शेडसाठी मंजुरी मिळाली. गोण्या तिथे आणायच्या, वेगवेगळं करून ठेवायचं, भरलं की कट्टा गावचा भंगारवाल्याचा टेम्पो येऊन घेऊन जाईल, अशी योजना. प्रश्न होता जागेचा. दोन जागा होत्या. एक खाडीच्या तोंडाशी, हलिमाबींच्या वाडीला लागून असलेली सरकारी पडीक जमीन. दुसरी वर कातळावर, रस्त्याला लागून. ही देवस्थानची. हलिमाबी म्हणत होत्या की कातळावर बांधा, खाली उधाणाचं पाणी येतं. सरपंचालाही ते पटलं होतं. पण देवाच्या जमिनीवर कचरा? ग्रामसभेत अर्धे लोक उठून उभे राहिले. वाद हातघाईवर आला. तेव्हा कुणीतरी म्हणालं की जमीन देवाची आहे, तर त्यालाच विचारा. कौल लावायचं लगेच ठरलं. यावर कोण काय बोलणार?

आता माझ्या खोल्यांचं सांगतो. टाळत होतो, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तारकर्लीत जागा मिळेनाशी झाली की पर्यटक आमच्या बाजूला सरकतात. ते पाहून मी कातळाशेजारच्या माझ्या तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या. पुढे पडवी, पडवीतून दूरवर समुद्राची रेघ दिसायची. मुलगा शहरात नोकरी शोधायचं सोडून घरी राहायला तयार झाला, तो त्या खोल्यांच्या आशेवर. आणि शेड झाली असती ती बरोबर त्या पडवीसमोर. माशा, वास, गोण्यांचे ढीग. कोण राहायला येणार तिथे?

मी ग्रामसभेत हे बोलू शकलो असतो. माझं नुकसान होतंय, असं सरळ म्हणालो असतो तर लोकांनी ऐकून घेतलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, कदाचित तोडगाही निघाला असता. पण मी म्हणालो नाही. देवाचा गुरव स्वतःच्या खोल्यांसाठी भांडतोय, हे दिसायला बरं दिसलं नसतं. बघा, मला लाज वाटली ती कशाची.

कौलाचा दिवस सोमवार होता. सभामंडप भरला होता. हलिमाबी बाहेर, दीपमाळेपाशी, वाडीतल्या दोन-चार बायका घेऊन उभ्या होत्या. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं — महाराजा, तुझी कातळावरची जागा गावाच्या कामाला देत असशील तर उजवी दे. सगळ्यांनी व्हय महाराजा म्हटलं. मी गाभाऱ्यात मूर्तीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभा होतो. समोर पाण्याची वाटी होती आणि शेजारी सहाणेवर सकाळचं उगाळलेलं गंध.

डाव्या पाकळीला मी पाण्याचं बोट नुसतं टेकवलं. उजवीला गंध लावलं.

एवढंच केलं. तेवढ्याला कितीसा वेळ लागतो? माझा हात थरथरला असता तर मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं असतं. थरथरला नाही. मनाशी म्हणत होतो की देवाला खरंच द्यायची असेल तर गंध लावलेली पाकळीही तो पाडेल. किती सोयीचं असतं बघा, आपलं पाप देवाच्या हवाली करून मोकळं होणं.

डावी पडली. मंडपात कुजबुज झाली. वाडीतले तरुण चिडले, कौल परत लावा म्हणायला लागले. तेव्हा हलिमाबींनी त्यांना गप्प केलं. त्यांचं ते बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

“जागा देवाची. देव नको म्हणता, मगे वाद कसलो?”

त्या माझ्याकडे बघून बोलल्या. माझ्यावरही त्यांचा तेवढाच विश्वास होता.

लोक गेल्यावर मी परत गाभाऱ्यात आलो, तर उजवी पाकळी तशीच होती. संध्याकाळच्या आरतीलाही पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती नखाने खरवडून काढली आणि निर्माल्याच्या डब्यात टाकली. हलिमाबींनी दिलेल्या.

शेड खाडीकाठी झाली. पुढच्याच पावसाळ्यात उधाणाचं पाणी आत शिरलं, आणि रचून ठेवलेल्या गोण्या फुटल्या. गावाने समुद्रातून वेचून आणलेलं सगळं खाडीत पसरलं. कांदळवनाच्या मुळांत पिशव्या अडकल्या, आणि तिसऱ्यांच्या चिखलावर प्लॅस्टिकचा थर बसला. काढायला आम्ही सगळे उतरलो. मीही उतरलो, गुडघाभर चिखलात. माझ्या हाताला बाटल्या लागल्या त्यातल्या काही माझ्याच खोल्यांवरच्या पाहुण्यांच्या होत्या, मी ओळखल्या. हलिमाबींनी मला चहा आणून दिला. म्हणाल्या की देवाचा माणूस असून चिखलात उतरलात. मी चहा प्यालो.

वरचं वेचता आलं. चिखलाखाली गेलेलं कसं वेचणार? तिथे तिसऱ्या पुन्हा धरल्या नाहीत. हलिमाबी आता आचऱ्याहून दुसऱ्यांनी काढलेल्या तिसऱ्या विकत घेतात आणि बाजारात बसतात. पंचायतीच्या पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. खाडी घाण केली ती हिच्या कचऱ्याच्या खुळाने, असं लोक म्हणत होते. मी ते ऐकलं. एकदा नाही, पारावर, दुकानात, माझ्या स्वतःच्या पडवीत ऐकलं. प्रत्येक वेळी मान खाली घालून ऐकलं, आणि बघणाऱ्यांना ती माझी सभ्यता वाटली.

माझ्या खोल्या चालतात. बऱ्या चालतात.

यंदाच्या ग्रामसभेत नव्या सरपंचांनी विषय काढला, शेड वर कातळावर हलवूया. पंचायतीची तयारी होती. कुणीतरी सुचवलं की पुन्हा कौल लावूया, इतकी वर्षं झाली, देवाचं मन बदललं असेल. मला भीती वाटली, पण खोटं कशाला बोलू, आशाही होती. या वेळी दोन्ही पाकळ्यांना सारखं पाणी लावीन, काय होईल ते होईल, असं मनात येऊन गेलं. कबुली न देता सुटायची वाट दिसली होती.

तेव्हा मागच्या रांगेतून हलिमाबी उठल्या. आता थकल्या आहेत, भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

“देवान एकदा सांगल्यान मां? मगे परत कित्याक इचारतास? आमच्या सोयीसाठी देवाक खोटो पाडूचो नाय.”

ज्या माणसाचं सगळं गेलं, तोच माझं खोटं राखायला उभा राहिला होता. सभेने माझ्याकडे बघितलं. शेवटी कौलाच्या बाबतीत गुरवाचा शब्द.

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडाशी आलंही होतं, खोटं सांगत नाही.

“बरोबर आसा,” मी म्हणालो.

सरपंचांनी पुढचा विषय घेतला. शेड आजही खाडीकाठीच आहे. पावसाळा आला की हलिमाबी वाडीतल्या पोरांना घेऊन गोण्या उंचावर बांधून ठेवतात. देवाने दिलेली जागा आहे, सांभाळली पाहिजे, असं त्यांना सांगतात.

देव त्या दिवशी काहीच बोलला नव्हता. बोललो होतो तो मी.