बॉयलरसाठी शिकलेलं इंग्रजी

पिंपरी गावठाणातल्या कोंडाजीच्या घराण्यात कौतुक करायची पद्धतच नव्हती. पीक मोत्यासारखं आलं, तरी त्याचा म्हातारा बाप आबाजी बांधावर उभा राहून एवढंच म्हणायचा, बरं हाय. नातू झाला तेव्हाही तेच. आनंद उघड दाखवला की नजर लागते, असा त्या घराचा पक्का समज. कोंडाजी त्याच मुशीतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शालनच्या भाकरीला त्याने कधी तोंडाने चांगली म्हटलं नाही. एक जास्त मागून घ्यायचा, आणि शालन त्यावरच समाधान मानायची. करते काय बिचारी!

तर असा हा कोंडाजी पंचावन्न सालच्या सुमारास माळावरच्या नव्या औषध कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागला आणि चक्क बॉयलरच्या प्रेमात पडला. त्याला दुसरा शब्दच नाही. कोळसा पोटात घालायचा, आग सारखी करायची, काचेच्या नळीतलं पाणी बघत राहायचं. वाफ धरली की ते धूड त्याला दावणीच्या खोंडासारखं जिवंत वाटायचं. सुट्टीच्या दिवशीही कुंपणापाशी जाऊन तो धुराड्याचा धूर बघून यायचा.

मग माणसं कायम करायला गोरा इंजिनिअर बसला. दुभाषी म्हणून कचेरीतले यशवंतराव. साहेबाने विचारलं, हे काम आवडतं का? कोंडाजीला एवढं भरून आलं, की खाली मान घालून तो म्हणाला, "बरं हाय." यशवंतरावांनी त्याचं सरळ इंग्रजी केलं. साहेबाला वाटलं, गड्याला कामाची गोडी नाही. आणि गोडी नसलेला माणूस आगीपाशी कशाला ठेवायचा? कोंडाजी गोदामात पोती उचलायला गेला. साहेबाचंही तसं काही चुकलं नव्हतं.

यशवंतराव मात्र हळहळले. दिवाळीनंतर बॉयलरवर आणखी एक जागा भरायची आहे, तेव्हा साहेबाला त्याच्याच भाषेत सांग, म्हणाले. ही जागा हुकली की जन्मभर पोती, हे कोंडाजीला न सांगताच कळलं.

निर्वासितांच्या छावणीच्या तोंडाशी परसराम मास्तर कापड विकत बसायचे. फाळणीच्या आधी सिंधमध्ये ते शाळेत इंग्रजी शिकवत. कोंडाजीने त्यांना गाठलं आणि आपलं गाऱ्हाणं घातलं. मास्तर पोट धरून हसले. मग कापड मोजायचा गज बाजूला ठेवून त्यांनी त्याला बसायला पाट दिला.

रोज पाळी सुटल्यावर शिकवणी. फाँड म्हणजे जिलेबी आवडते तसं आवडणं. कीन म्हणजे पाण्याच्या वासाने बैल जू ओढतो, तशी ओढ. ईगर म्हणजे त्याच्याही पुढे, पाय जागेवर ठरत नाहीत ते. आणि सगळ्यांच्या वर, मॅड अबाउट. इथे कोंडाजी अडला. साहेबासमोर स्वतःला वेडा म्हणवून घेतलं, तर तो येरवड्याच्या इस्पितळात धाडेल, म्हणाला. मास्तरांनी समजावलं, की इंग्रजीत असं वेड सांगायला कुणी लाजत नाही.

शब्द पाठ झाले, पण तोंड काही बदलेना. ईगर म्हणतानाही कोंडाजी दहाव्याला बसल्यासारखा दिसायचा. मास्तर वैतागायचे. मान वर, डोळे वर, आवाज पोटातून! कोंडाजी गोठ्यात बैलांपुढे सराव करू लागला. शालनने ते एकदा ऐकलं आणि त्याच संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली.

मास्तरांनी एकदा विचारलंच, की तुम्ही लोक मनातलं बोलत का नाही? कोंडाजी म्हणाला, "मास्तर, आमच्यात मन भरलं की तोंड ल्हान व्हतं. बरं हाय म्हणजे लई हाय." मास्तरांनी मान हलवली, त्यांना ते पटलं नव्हतं. कोंडाजीने मग उलट विचारलं, आमची पिंपरी कशी वाटते? आपल्या गावच्या नदीबद्दल, बाजाराबद्दल भरभरून बोलणाऱ्या त्या माणसाला पिंपरीसाठी एक शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "दिल लागत नाही, कोंडाजी." कोंडाजीने पुन्हा कधी विचारलं नाही.

दिवाळी झाली. साहेबाने तोच प्रश्न विचारला. कोंडाजीने मान वर केली, डोळे वर केले, आणि पोटातून आवाज काढला. "साहेब, आय ॲम व्हेरी कीन. आय ॲम ईगर. आय ॲम मॅड अबाउट युवर बॉयलर." कचेरीतल्या टंकयंत्रांचा खडखडाट थांबला. साहेब त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने यशवंतरावांकरवी विचारलं, की मागच्या खेपेला असं का नाही सांगितलं? कोंडाजीने मन भरल्यावर तोंड लहान होण्याची गोष्ट सांगितली. यशवंतरावांनी ती मन लावून इंग्रजीत घातली. साहेब उठला आणि कोंडाजीचा हात हातात घेऊन गदागदा हलवत राहिला. सोमवारपासून बॉयलर.

घरी जायच्या आधी कोंडाजी गुळाची ढेप घेऊन छावणीकडे गेला. वाटेत त्याच्या मनात सारखं येत होतं, की ज्याचं स्वतःचं सगळं मागे राहिलं, त्याने आपल्याला हवं ते मागायला शिकवलं. हे ऋण फेडायचं कसं? दुकानात शिरताच त्याने ढेप मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि येत होतं तेवढं सगळं इंग्रजी ओतलं. थँक्यू, व्हेरी ग्रेटफुल, व्हेरी हॅपी, मॅड विथ हॅपी. शेवटचं चुकलं होतं; मास्तरांनी सुधारलं नाही. कोंडाजी त्यांच्या पाया पडला आणि रडला. बाप गेला तरी असा रडला असता की नाही, देव जाणे.

मास्तर घडी घालत होते ते कापड हातातच राहिलं. गावठाणातल्या बाया खणाचं कापड बघत दुकानापाशी थांबल्या होत्या, समोर नव्या वर्गांसाठी शाळेच्या भिंती उभ्या राहत होत्या. मास्तर बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग गुळाचा खडा मोडून त्यांनी तोंडात टाकला आणि खाली मान घालून, अगदी लहान आवाजात म्हणाले, "कोंडाजी, तुझं गाव बरं हाय."