न मिटलेलं अवतरण

नवीन आलेल्या रेवतीच्या स्क्रीनवर आज ते पान उघडं दिसलं आणि मी थबकलो. आमच्या कंपनीच्या प्रोग्रामिंग भाषेची ही माहितीपुस्तिका वैशालीताईंनी लिहिली होती. मजकूर अवतरणचिन्हांत कसा द्यायचा, याची उदाहरणंसुद्धा त्यांच्या घरातलीच: "आई, गोळी घेतलीस का?" शेवटचं चिन्ह द्यायचं राहिलं तर काय होतं, या मथळ्याखाली मात्र एवढंच आहे: 'उद्या लिहिते.' त्याच रात्री त्या गेल्या. उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती जागा आजवर कोणी भरलेली नाही.

"सर, इथे मी लिहू का?" रेवतीने विचारलं.

"राहू दे," मी जरा तुसडेपणानेच म्हणालो.

काय लिहिणार? चिन्ह मिटलं नाही, तर मशीनला वाटतं, माणूस अजून बोलतोच आहे.