शेंड्याचा मणी

जगातली प्रत्येक गोष्ट शेवटाकडून सुरू करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि नेमका तोच मला सासरा मिळाला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पिंपळगाव बसवंतला त्यांची द्राक्षबाग. घडाच्या शेंड्याचा मणी सगळ्यात उशिरा पिकतो, म्हणून बागवाला आधी तोच चाखतो. तो गोड तर अख्खा घड गोड. इथपर्यंत ठीक होतं. पण मामांनी हा नियम बागेबाहेरही लावला. मला बघायला आले तेव्हा माझ्याशी दोन शब्दही बोलले नाहीत. तासभर माझ्या ऐंशी वर्षांच्या आजोबांपाशी बसले, त्यांना पान कुटून दिलं आणि उठताना म्हणाले, "म्हातारा गोड हाय. पोरगं पिकंल बराबर." आमचं लग्न ठरलं ते असं.

सिनेमाचंही तेच. नाशिकला यायचं, थिएटरच्या दारावरच्या माणसाला दोन घड द्यायचे (हंगाम नसेल तर बेदाण्याची पुडी), आधीच्या खेळाची शेवटची दहा मिनिटं अंधारात उभ्यानं बघायची आणि मग तिकिटाचं ठरवायचं. बाहेर ठेवणीतली साडी नेसून मामी उभ्या असायच्या. मामा लांबूनच हात हलवायचे, "आंबट हाय." मामी बिचाऱ्या भेळ खाऊन परत जायच्या.

मोबाइल नुकते लोकांच्या खिशात आले होते, त्या सुमाराला मामींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. संध्याकाळी गंगापूर रोडच्या दवाखान्यात दाखल व्हायचं, सकाळी ऑपरेशन. दाखल व्हायच्या आदल्या दिवशीच दोघं नाशिकला आमच्याकडे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मामी म्हणाल्या, "मला तो उडणारा माणूस बघायचाय." येताना त्यांनी पोस्टर पाहिलं होतं.

"प्यांटीवर चड्डी घालतो त्यो? त्यात काय बघायचं?"

"मला बघायचाय," मामी पुन्हा म्हणाल्या. कुठलीही गोष्ट दोनदा मागायची त्यांना सवय नव्हती. मामांनी गुपचूप टोपी चढवली. पण दुपारी बाराचा खेळ दिवसातला पहिलाच, त्याच्या आधी चाखायला शेंडाच नाही. मामा जन्मात पहिल्यांदा न चाखता आत शिरले.

पहिला अर्धा तास ते कुरकुरत होते, "वायरीला टांगलंय त्याला." पण सिनेमा निघाला झकास. जग वाचवून घरी आलेल्या त्या गड्याला बायको कणीक मळायला लावायची, आणि मामी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. मामाही खुर्चीच्या टोकाला सरकून बसले. शेवटी तो जखमी होऊन गच्चीवर निपचित पडला, बायको त्याला हाका मारू लागली, आणि मामा एकदम उठून बाहेर गेले.

मी मागोमाग गेलो. ते पाण्याच्या टाकीपाशी उभे होते, टोपी हातात.

"काय झालं मामा?"

"मला नाय बघायचा शेवट." मग म्हणाले, "जावईबापू, उद्याचा शेंडा कुठं चाखायला मिळतो का?"

तेवढ्यात दार ढकलून मामी आल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "वाचला हो तो. चला, उशीर होईल."

मामीही वाचल्या. पुढे कितीतरी वर्षं दोघांनी पहिल्या पाटीपासून सिनेमे पाहिले, आंबटसुद्धा.

आता मामी नाहीत. मामांना मी सिनेमाला नेतो. दहा मिनिटं उरली की ते उठून बाहेर जातात, आणि शेवट मी येऊन सांगायचा असतो. परवाच्या सिनेमातला हिरो मेला. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "वाचला मामा तो. चला."