खाली उतरलेल्याशी बोलायचं

फौजेच्या सॅपर, म्हणजे इंजिनिअर पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि तालुक्याच्या नगरपालिकेत, अग्निशमन दलात लागलो. माझ्याच सेक्शनमधला नाईक योहान तिथे आधीपासून होता. मी तिसगावचा, तो देवळाली प्रवराचा. फौजेतही आमचं ताट एक होतं, इथेही डबा एक झाला.

पलटणीतला एक रिवाज आम्ही सोबत आणला होता. एक जण विहिरीत उतरला की दोरीवरच्यानं, म्हणजे वर दोरी धरणाऱ्यानं, सारखं बोलत राहायचं.

"योहान्या, मेला का रे?"

"तुला पोचवून मग."

उत्तर आलं नाही की विचार न करता ओढायचं. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं.

नवे मुख्याधिकारी ट्रेनिंग करून आले. माणूस तळमळीचा, पण डब्याभोवतीचं आमचं टोळकं त्यांना गटबाजी वाटायचं. "गट नकोत, टीम हवी," म्हणाले. टीम स्पिरिटचे टी-शर्ट वाटले आणि जोड्या फोडल्या. योहानच्या दोरीवर कदम आला. नवा, पण ड्रिलमध्ये सगळ्यांच्या पुढे. हुकूम तो हुकूम.

त्या दुपारी मी स्टेशनवर वायरलेसला होतो. जुन्या विहिरीतली मोटार काढायला उतरलेला माणूस विषारी वायूनं पडला होता. मास्क दुसऱ्या गाडीवर होते. योहान त्यांच्यासाठी थांबला नाही. त्या माणसाला त्यानं दुसऱ्या दोरीला बांधून वर पाठवलं. तो वाचला.

"योहान कुठे? ओव्हर."

"आतच हायेत. तीन हिसक्यांचा इशारा आला की ओढतो. ओव्हर."

"त्याच्याशी बोलतोयस का?"

"न्हाई, साहेब. दोरी धरून हाये."

"ओढ. आत्ता ओढ."

कदमनं ओढला, पण उशीर झाला होता. ड्रिलप्रमाणे त्याची एकही चूक नव्हती. त्याला शिव्या घालायचीसुद्धा सोय उरली नाही.

दफनभूमीत मुख्याधिकारी टीम स्पिरिटवर बोलले. बोलताना रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग पेटी दोरांवर खाली सोडली. एक टोक माझ्या हातात, समोरचं कदमच्या. पेटी तळाला टेकली आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "योहान्या, मेला का रे?"

कोणी रागावलं नाही. खालून उत्तर आलं नाही, म्हणून मी दोर ओढायला लागलो.

योहानची बायको मार्था जवळ आली. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "सोडा आता, भावजी."