समता मंडपातले मधुसूदनराव

माणसाच्या मनाच्या एकूण सात पायऱ्या आहेत, हे कळंबमध्ये सगळ्यात आधी मधुसूदनरावांना कळलं. पंचायत समितीतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर चौथ्याच महिन्यात कळलं. नोकरीत असताना अशा गोष्टी कळायला सवड मिळत नाही. पहिल्या पायरीवरचा माणूस फक्त पोटाचा विचार करतो, दुसरीवरचा घराचा, तिसरीवरचा नात्यागोत्याचा, असं चढत चढत सातवीवर सगळ्यांचं मन एकच होतं आणि तिथे समता नांदते. स्वतःला ते सहावीवर ठेवत. सातवीवर का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अहंकार होतो." मला त्यांनी तिसरीवर ठेवलं होतं. मी बावीस वर्षं त्यांच्याच हाताखाली आवक-जावक लिपिक होतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांनी 'सामूहिक चेतना समता मंडळ' काढलं. दर गुरुवारी त्यांच्या बैठकीत आठ-नऊ निवृत्त माणसं जमायची, सगळ्यांचं मन एक करायला डोळे मिटायची आणि त्यातली दोन-तीन घोरायची. चहा त्यांची मुलगी आभा आणायची. आभाची आई, आमच्या वहिनी, कावीळ होऊन गेल्या त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात बोलणारं माणूस एक आणि ऐकणारं एक, एवढीच उरली होती.

ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. दोन हजार चार, पाच, सहा. पेपरात रोज आत्महत्यांची एक चौकट यायची आणि तिच्यातला आकडा रोज वाढलेला असायचा. मुंबई-दिल्लीची माणसं गाड्या भरून यायची, कपाशीच्या पराटीत उभं राहून फोटो काढायची आणि संध्याकाळी परत जायची. मधुसूदनराव मात्र इथलेच असल्यामुळे रोज गावोगाव जायचे. हे संकट नसून समाज चौथ्या पायरीवर चढताना होणाऱ्या कळा आहेत, असं ते समजावून सांगायचे. कळंबजवळच्याच एका खेड्यात नंदाबाईचा नवरा गेला, तेव्हा तेराव्याच्या आधीच आम्ही तिथे पोचलो होतो. कळांचं सगळं सांगून झाल्यावर नंदाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "साहेब, च्या घ्यान का?" बाई दुसऱ्या पायरीवर आहे, असं त्यांनी परतीच्या वाटेवर मला सांगितलं.

सामूहिक विवाह मेळाव्याची कल्पना त्यांना याच फिरण्यात सुचली, आणि खरं सांगायचं तर ती चांगली होती. लोकांच्या घरी मुली होत्या आणि लग्न लावायची ऐपत नव्हती. एक मंडप, एक मुहूर्त, एक पंगत. सगळ्या नवऱ्या एकाच पिवळ्या लुगड्यात, सगळे नवरदेव एकाच गुलाबी फेट्यात, प्रत्येकाच्या छातीवर नंबर. पहिल्या वर्षी एकवीस जोडपी आली, दुसऱ्या वर्षी चौतीस. मंगलाष्टकं एकच असावीत यावर साहेब अडून बसले, म्हणून बौद्ध आणि कोलाम आदिवासी घरं "आमचं आम्ही करू" म्हणून निघून गेली. ती मंडळी अजून एकत्वाच्या पायरीवर आली नाहीत, अशी नोंद साहेबांनी मला करायला लावली.

तिसऱ्या वर्षी घोटाळा झाला. आभाचं लग्न ठरलं होतं. मुलगा मंदार, पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. यवतमाळचं मंगल कार्यालय ठरवून झालं होतं, कारण वरपक्षाची तशी इच्छा होती. वरपक्षाने ती इच्छा सांगितल्याचं मी काही ऐकलं नव्हतं. आणि एका गुरुवारी, मंडळाचे सगळे सभासद डोळे मिटून बसलेले असताना, आभा चहाचा ट्रे खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मी आपल्या मेळाव्यातच लग्न करणार आहे. मंदारशी बोलले मी."

जिल्ह्यात त्यांची भाषणं मन लावून ऐकलेलं एकच माणूस होतं आणि ते त्यांच्याच घरात वाढलं होतं. सभासदांनी डोळे उघडून टाळ्या वाजवल्या. निवृत्त ग्रामसेवक नेमसिंग पवारांनी जागच्या जागी अभिनंदनाचा ठराव मांडला. ठराव झाल्यावर मधुसूदनराव काय करणार? आयुष्यभर ठरावांवर सही करण्यातच गेलं होतं. त्यांनी मान हलवली आणि चहा पिताना त्यांना ठसका लागला.

मग समतेची व्यवस्था सुरू झाली. आभाला नंबर एक दिला, कारण कोणाला तरी तो द्यावाच लागतो. नंबर एकच्या बाजूला दोन कूलर आले, कारण कूलर कुठे तरी ठेवावेच लागतात. मंदारच्या मंडळींसाठी पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या आणि गार पाण्याचे कॅन आले. लुगडं सगळ्यांचं पिवळंच होतं, फक्त आभाचं रेशमाचं होतं. बिछायतवाला हबीब तिन्ही वर्षं आमचा मंडप घालायचा. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, बस एवढं सांगून ठेवा, का समता खुर्चीवर किती बसवाची आन् सतरंजीवर किती? तसा माल काहाडतो." साहेबांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मी आकडा सांगितला.

या व्यवस्थेची एक सूचनापत्रिका असायची. ती मीच लिहायचो, अक्षर चांगलं म्हणून. तिच्यात नववी सूचना पहिल्या वर्षापासून होती: "विधवा भगिनींची बैठक व्यवस्था मंडपाच्या मागील बाजूस स्वतंत्र राहील." म्हणजे मंडपाच्या मागे एक दोरी बांधायची, दोरीमागे सतरंजी टाकायची आणि ज्या नवरीच्या आईला नवरा नाही तिने तिथे बसायचं. अक्षतांची परात त्या बाजूला जायची नाही. वरपक्षाला चालत नाही, असं होतं. "माझा वैयक्तिक विरोध आहे," मधुसूदनराव दर वर्षी सांगत, "पण समूहाची चेतना अजून तिथवर आली नाही. घाई करून चालत नाही." पहिल्या वर्षी दोरीमागे सात बाया होत्या. तिसऱ्या वर्षी एकोणीस झाल्या, तेव्हा हबीबने न सांगताच दुसरी सतरंजी टाकली.

कापूस खरेदी केंद्राचं पटांगण वैशाखात रिकामंच असतं, तिथे मंडप होता. एक्कावन्न जोडपी पाटांवर बसली. मुहूर्त अकरा बावन्नचा. कन्यादान आभाचे मामा-मामी करणार होते. साहेबांना व्यासपीठावरून दोन शब्द बोलायचे होते आणि मुलीवर अक्षता टाकायच्या होत्या. त्या क्षणासाठी त्यांनी नवा कुडता शिवला होता. भाषणाचा कागद माझ्या हातात होता आणि तो कागद मी तीनदा सुवाच्य लिहून काढला होता, कारण या वेळी त्यांना कागदावरचं धड दिसत नव्हतं. चष्मा ओला होत होता. एरवी कितीही हसलो तरी हे मी सांगितलंच पाहिजे, की पोरीवर त्यांचा फार जीव होता.

नंबर दोनला नंदाबाईची धाकटी मुलगी होती. ज्यांचे वडील गेले अशा मुली या वर्षीपासून पुढच्या रांगेत बसवायच्या, असं आमचं ठरलं होतं. पेपरवाल्यांना फोटोला सोपं जातं. ती पोरगी सारखी मान वळवून मागे पाहत होती.

"कोणाला शोधतेस गं?" आभाने विचारलं.

"माय दिसते का पाहून राह्यली," ती म्हणाली. "मांगं हाय म्हणते, पण दिसत नाही."

आभा उठली. बाशिंग बांधलेलं, हातात नारळ, तशीच मांडवाच्या टोकापर्यंत चालत गेली. नवरी मुहूर्ताआधी पाटावरून उठली म्हणून कुजबूज झाली. ती परत आली ती थेट व्यासपीठाच्या पायरीपाशी.

"बाबा, त्या बायका दोरीमागे का आहेत?"

"व्यवस्था आहे ती. तू बस, वेळ होतोय."

"जोडीदार गेला त्याने दोरीमागे बसायचं, अशी व्यवस्था?"

"मी वैयक्तिक—"

"आई गेली त्याला आठ वर्षं झाली," आभा म्हणाली.

त्यांना लगेच समजलं नाही. मला समजलं आणि मी हातातला कागद वाचू लागलो. तीन वर्षं ती नववी सूचना लिहिताना माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं, आणि माझं डोकं काही वाईट नाही.

"एक तर त्यांना आत आणा, नाही तर तुम्ही तिथे बसा," ती हळू आवाजातच म्हणाली. "दोन्ही होत नसेल तर मी इथूनच घरी जाते."

मंदार पाटावरूनच म्हणाला, "काका, माझी काही अडचण नाही." त्यावर त्याच्या आईने त्याच्याकडे पाहिलं आणि तो फेटा सारखा करू लागला.

अकरा वाजून चव्वेचाळीस मिनिटं झाली होती. समोर पांढऱ्या खुर्च्या होत्या, प्रमुख पाहुणे होते, एक्कावन्न वरपक्ष होते. मधुसूदनरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. एकोणीस बायांना आत आणायचं तर माइकवरून सांगावं लागणार होतं. सहाव्या पायरीवरच्या माणसाला ते जमायला हरकत नव्हती. त्यांनी माइक नेमसिंगांच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. मी बसतो तिथे." मूठभर अक्षता त्यांच्या हातात तशाच राहिल्या होत्या. मी त्यांच्यासाठी एक पांढरी खुर्ची उचलली आणि मागोमाग गेलो.

दोरीमागच्या बाया त्यांना पाहून बावरल्या. कोणी पदर ओढला, कोणी सरकून जागा केली. साहेब खुर्चीवर बसले. बसले तर समोर फक्त पाठी दिसत होत्या. उभे राहिले तर पाठींच्या जागी टोप्या आणि फेटे दिसू लागले.

"बसा साहेब," नंदाबाई म्हणाली. "उभं राहूनबी दिसत नाही. मी पाह्यलं मांगच्या साली."

"मागच्या वर्षी?"

"मोठीचं लगन तुमच्याच मंडपात झालं ना. सत्तावीस नंबर."

"मग ते... पाहिलं नाही तुम्ही?"

"आयकलं. भोंग्यातून सावधान म्हणते, तवा समजते का लागलं म्हणून." तिने हे कुरबूर म्हणून सांगितलं नाही. कोणती बस कुठून सुटते हे सांगावं, तसं सांगितलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळा मंडप उभा राहिला. साहेब टाचा उंचावून पाहू लागले, मग माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "तू उंच आहेस. आभा दिसते का?" मी खुर्चीवर चढलो. कूलरच्या बाजूला तिच्या बाशिंगाचं टोक दिसत होतं. मी तसं सांगितलं.

"माही तिच्याच बाजूले हाय," खालून नंदाबाई म्हणाली. "तिचंबी सांगा ना, भाऊ. काय करून राह्यली?"

"मान खाली घालून उभी आहे," मी म्हणालो.

"लहानपणापासून तशीच हाय," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरला. मला तेव्हा इतकी लाज वाटली की खुर्चीवरून उतरावं की नाही ते कळेना. माझंच अक्षर होतं ते.

दुसरं कडवं संपलं तेव्हा मधुसूदनराव दोरीपाशी गेले. हबीब तिथेच बांबूला टेकून उभा होता. "सोड ही," साहेब म्हणाले. हबीब म्हणाला, "साहेब, भोंग्याचा वायर याच गाठीतून नेला हाय. सोडली तर मंगलाष्टक बंद पडन." मग गुडघेदुखीचा तो माणूस, त्रेसष्ट वर्षांचा, वाकून दोरीखालून पलीकडे गेला आणि एका हाताने दोरी वर उचलून धरली.

"या, नंदाबाई," ते म्हणाले. "सगळ्या या."

कोणी उठलं नाही. नंदाबाईने मान हलवली.

"राहू द्या, साहेब. पोरीच्या सासरचे पाहतीन. तुमचं काय, तुमी घरी जान. तिले तिथं नांदाचं हाय."

एवढ्या पायऱ्या सांगितल्या, पण हे कोणत्या पायरीवर बसतं ते त्यांना सांगता येईना. त्यांच्यापुढची वाट मोकळी होती. चाळीस पावलं चालले असते तर मुलीपर्यंत पोचले असते आणि कोणी अडवलंही नसतं. ते तसेच दोरी धरून उभे राहिले. मग पुन्हा वाकून अलीकडे आले आणि खुर्ची सोडून सतरंजीवर, नंदाबाईच्या शेजारी बसले. मूठ उघडली. घामाने अक्षता तळहाताला चिकटल्या होत्या. त्या त्यांनी तिच्यापुढे धरल्या.

"माह्या हातच्या चालतीन का?" तिने विचारलं.

त्यांनी सगळ्या अक्षता तिच्या ओंजळीत झटकल्या. तिने त्या दोन्ही सतरंज्यांवर वाटल्या, एकेकीला चार-पाच दाणे.

भोंग्यातून सावधान ऐकू आलं. एकोणीस बायांनी पदराआडून हात काढले आणि अक्षता टाकल्या. त्या लांब जाणार कशा? पुढे उभ्या असलेल्या एका वऱ्हाड्याच्या टोपीवर आणि खांद्यावर पडल्या. त्याने खांदा झटकला, वळून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कोनं टाकल्या ह्या?"

बायांनी हात पदरात ओढून घेतले. नंदाबाईचा चेहरा उतरला. तो माणूस तिच्या व्याह्यांकडचा असावा.

"मी टाकल्या," मधुसूदनराव म्हणाले.

त्याने साहेबांना ओळखलं, हात जोडून नमस्कार केला, आणि पुन्हा पुढे पाहू लागला.