कवळीने चावलेला दाणा

एलिएसेर चिलितो हा माणूस मुळातच चुळबुळ्या. कॉफीच्या फळांचा गर काढायचं यंत्र सुरळीत चाललं, तर ते इतकं सुरळीत का चाललंय या काळजीने तो ते खोलून बसायचा. वाळवणावरच्या सरकत्या छपराच्या चाकांना इतकं ग्रीस फासायचा, की जरा वारा सुटला की छप्पर आपणहून सरकत निघायचं. "चालत्या यंत्राच्या पोटात बोटं घालू नका," असं रोस्मिरा लग्न झाल्यापासून सांगत आली होती. नवऱ्यात फरक पडला नव्हता.

पण गेल्या मंगळवारपासूनची त्याची तगमग निराळी होती.

त्या डोंगरावर एलिएसेरने दाणा चावून पाहिल्याशिवाय कुणी पोती भरत नसे. लोक वाळवणातली मूठभर कॉफी घेऊन यायचे. तो एका दाण्याचं टरफल सोलून दाणा डाव्या दाढेखाली धरायचा, दाबायचा आणि आभाळाकडे बघत सांगायचा, "आणखी दोन उन्हं दाखव," नाहीतर, "भर." ओल्या दाण्यावर दाताची खूण उमटते, सुकलेला कट्कन तुटतो. यात काही जादू नाही. पण त्याच्या दाढेला त्या दोहोंच्या मधलंही कळायचं, आणि कॉफी बिघडते ती नेमकी त्या मधल्या जागी.

ती दाढ पावसाळ्यात हलायला लागली, मग बाकीचेही दात हलले. तालुक्याच्या डॉक्टरने सगळे काढून कवळी बसवली. "आता फोटोत तरी हसा," रोस्मिरा म्हणाली. कवळीला दाणा कळेल का, हे कुणी विचारलं नाही. लोकांचा विश्वास माणसावर होता. खरं सांगायचं तर त्याचाही होता.

मंगळवारी वरच्या घरातली नोराल्बा मूठ घेऊन आली. तिचा नवरा शहरात बांधकामावर गेलेला, आणि यंदाचं सगळं पीक तिने एकटीने तोडून, धुऊन वाळवलं होतं. एलिएसेरने दाणा चावला. कवळी टक् वाजली. दुसरा चावला, पुन्हा टक्. खडा चावला असता तरी टक्च वाजली असती. तेव्हाच सांगायचं सोडून या शहाण्याने सवयीने आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "भर पोती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तेलाची बुधली घेऊन चढण चढला.

"तुझ्या यंत्राचा आवाज येतोय, पोरी."

"यंत्र बंद आहे, डॉन एलिएसेर. हंगाम संपला."

"तेच म्हणतोय मी. बंद यंत्र जास्त गंजतं."

यंत्राला तेल पाजून झालं, तरी पोत्यांच्या खोलीत शिरायला निमित्त मिळेना. त्याच्या पुढच्या दिवशी तो फळ्या घेऊन गेला. पोती भिंतीला टेकलीत, खाली फळ्या हव्यात, अशी कुरकुर करत त्याने एकेक पोतं हलवलं आणि हलवताना तळवा टेकवून पाहिला. खालचं एक पोतं कोमट लागलं; ओली कॉफी कोंडली की अशीच तापते. खिडकीतून ऊन पडलं असेल, असं त्याने स्वतःला बजावलं. त्या खिडकीतून सकाळी ऊन येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण खिडकी त्यानेच बसवून दिली होती. घरी आल्यावर त्याला मक्याच्या जाड भाकरीचा, अरेपाचा, तुकडाही गिळवेना.

"नोराल्बाकडे काय पुरून ठेवलंय तुम्ही?" रोस्मिराने त्याच्यापुढे गुळाचं गरम पाणी ठेवलं. "रोज उठून तिकडे. लोकांना बोलायला विषय हवाच असतो."

"काही नाही."

"मग जेवत का नाही? कवळी बोचते का?"

"कवळीला काही कळत नाही."

"कवळीला काय कळायचं असतं?"

"दाणा."

रोस्मिरा चुलीकडून त्याच्याकडे वळली. "तिला सांगितलंत?"

त्याने पेला बाजूला सरकवला.

"तिचं वर्षाचं पीक आहे त्या खोलीत," रोस्मिरा म्हणाली. "तुम्ही जाताय की मी जाऊ?"

तो गेला. या वेळी हातात काहीच नव्हतं, त्यामुळे चढण जास्त लांब वाटली. दारातच त्याने सांगून टाकलं, "मंगळवारी मला काही कळलं नव्हतं. या खोट्या दातांना कळत नाही. पोती उघड."

नोराल्बाने पोत्यांच्या खोलीचं दार उघडलं. "मला ओलीच वाटली होती," ती म्हणाली. "तुमच्याकडे यायच्या आधी मी घरी चावून पाहिली होती. तुम्ही भर म्हणालात, म्हणून भरली."

तो इतका शरमला की टोपी काढायचंही भान राहिलं नाही.

दोघांनी पोती वाळवणावर उपडी केली, छप्पर मागे सारलं. कोमट पोत्यातून कुबट वास आला. ते गेलंच होतं.

"माझ्या खोलीतलं एक पोतं तुझं," तो म्हणाला.

"संध्याकाळी न्यायला येते," नोराल्बा म्हणाली. तिने नको-नको केलं नाही, हे त्याला बरं वाटलं.

उरलेल्या कॉफीला दोन उन्हं मिळाल्यावर तिने दाणा सोलून त्याच्यापुढे धरला, मग काही आठवल्यासारखं करून स्वतःच्याच तोंडात टाकला.

"खूण उमटली की तुटला?" त्याने विचारलं.

"तुटला. पण मध्ये जरा चिवट आहे."

"मग?"

ती चघळत राहिली. उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"आणखी एक ऊन," ती म्हणाली.

रविवारी ओढ्यापलीकडचा नोल्बेर्तो अंगणात आला आणि मूठ उघडून म्हणाला, "हं, चावा."

"वर जा. नोराल्बाला दाखव."

"तिला? ती कालची पोर?"

"तिलाच. माझे दात गेले."

नोल्बेर्तो हसला. मग एलिएसेरचा चेहरा बघून त्याने मूठ मिटली आणि वरच्या वाटेला लागला. एलिएसेर अंगणाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. त्याला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. वरच्या अंगणात नोल्बेर्तोने हात पुढे केला. नोराल्बाने एक दाणा उचलून सोलला, दाढेखाली धरला, आणि इकडे खाली एलिएसेरचा जबडा घट्ट आवळला गेला.