बिनदुधाचा होकार

आमचे सासरे मारुतराव, घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो, पुनावळ्यात बसून लग्नं जमवतात. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. इकडे हिंजवडीपासून तिकडे पार कुरुळी-चाकणपर्यंत जुन्या गावकऱ्यांना स्थळ बघायचं झालं की पहिली हाक तात्यांना. कुणाचा मुलगा कंपनीत खरंच कायम आहे आणि कुणाचा नुसता गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंडतो, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

त्यांची एक रीत आहे आणि ती या सगळ्या पट्ट्यात माहीत आहे. होकार घेऊन गेले, तर तात्या मुलीकडचा चहा घेतात. नकार असेल तर घेत नाहीत. कप हलकेच पुढे सरकवतात, गुराढोरांची खुशाली विचारतात आणि उठतात. नकाराचा शब्द मुलीच्या घरात काढू नये, असं त्यांचं म्हणणं. "मारुतरावांनी चहा घेतला नाही" एवढं कळलं की पुढचं कुणी विचारत नाही.

आता गंमत अशी, की गेली काही वर्षं तात्यांना दूधच पचत नव्हतं, आणि ते कुणाला माहीत नव्हतं, खुद्द त्यांनाही नाही. पोट फुगायचं, गुडगुडायचं आणि मग असे पळायचे की विचारू नका. याला ते पित्त म्हणायचे. पित्तावर औषध काय, तर थंड दूध! रात्री पेलाभर थंड दूध प्यायचं आणि सकाळी पित्त खवळलं म्हणून कपाळाला हात लावायचा. आगीत तेल ओतायचं आणि आग विझत नाही म्हणून देवाला बोल लावायचा, त्यातली गत. कुणाकडे गेले की दाराजवळची खुर्ची धरायचे. चाकणला जायचं असलं की आदल्या दिवसापासून उपाशी, कारण गाड्यांच्या रांगेत अडकलो तर काय, ही धास्ती. एवढा उंचापुरा माणूस, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, आणि जीव सगळा संडासाच्या दाराशी.

शेवटी मीच त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, बाकी काही निघालं नाही. वय झालं की काहींना दूध पचेनासं होतं, तेव्हा दूध, दुधाचा चहा, बासुंदी, पेढे सगळं बंद करून बघा, असं डॉक्टर म्हणाले. तात्या उखडले. "दुधावर वाढलोय मी. दूध सोडायला काय पाप केलंय?"

कुरकुर करत सोडलं, आणि आठवड्यात माणूस बदलला. रात्री घोरायला लागले. भाकरी मागून घ्यायला लागले. एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सूनबाई, पोट हाय का न्हाई, तेच कळत न्हाई बघ!" एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

नेमका त्याच सुमारास रणजीतचा होकार आला. रणजीत आमच्या शेजारचा. मुलगी कुरुळीच्या दौलतरावांची स्नेहल, चाकणच्या एका कंपनीत नोकरीला. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, बोलणं झालं होतं. आता तात्यांनी जाऊन होकार सांगायचा, एवढंच राहिलं होतं. गाडी मी चालवत होते.

"तात्या, गेल्या गेल्या सांगून टाका, दूध चालत नाही म्हणून."

"बायामाणसांत पोटाचं सांगू? त्यापेक्षा चहा यायच्या आधीच होकार देऊन टाकतो. मग कसला आलाय घोळ?"

बेत काही वाईट नव्हता. पण स्नेहलची आई अंबूबाई कप भरूनच वाट बघत असाव्यात. आम्ही टेकतोय न टेकतोय तोच चहा पुढे आला. घरच्या म्हशीच्या दुधाचा, घट्ट, वर साय धरलेला.

"दौलतराव, आमच्याकडनं..." तात्यांनी सुरुवात केली.

"आधी चा घ्या," अंबूबाई म्हणाल्या. "बोलनं कुटं पळून चाललंय?"

तात्यांनी कपाकडे पाहिलं. आणि इतक्या वर्षांचा सराव! हात आपोआप पुढे गेला आणि कप हलकेच सरकवला. "नको."

दारात उभी असलेली स्नेहल आत निघून गेली. दौलतराव भिंतीकडे बघत म्हणाले, "बरं. समजलं."

"अहो, समजलं काय! पसंत हाय पोरगी!"

"ऱ्हाऊ द्या, मारुतराव. आमाला वाईट वाटू नये म्हनून कायतरी बोलू नका."

तात्या माझ्याकडे बघायला लागले. मला त्यांचा राग आला होता, हसूही येत होतं, आणि आत ती पोरगी रडत असेल म्हणून जीव तुटत होता. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही सांगता का मी सांगू?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अंबूबाई, मला दूध पचत न्हाई. घोटभर गेलं तरी पळावं लागतं. मागं रणजीतला घेऊन आलो, तर जाताना मोशीच्या पेट्रोल पंपावर..." मी खाकरले. "तर ते असू द्या. पोरगी पसंत हाय. साखरपुड्याचा दिवस इचारायला आलोय. आन दूध सोडल्यापासनं मी लई सुखात हाय."

अंबूबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला. दौलतरावांनी खुर्चीत अंग टाकलं. मलाही हायसं वाटलं. आत कुणीतरी गॅस पेटवला.

डोळे पुसून अंबूबाई म्हणाल्या, "भाऊ, रागावनार नसाल तर एक सांगते. त्या म्हाळुंग्याच्या स्थळाच्या वक्ताला तुमी असाच कप सारून गेला. का, ते बोलला न्हाई. आमी बी इचारलं न्हाई. माझी पोर कितीतरी दिस आरशासमोर उभी ऱ्हायची. रंग नडला का नाक नडलं, म्हनून."

तात्या चपापले. "नाक? अहो, त्या पोराचं कंपनीतल्या एकीशी जमलं हुतं. तुमच्या पोरीचं त्यात कायबी न्हवतं."

"मग तेवढं सांगायचं की हो."

स्नेहल कोरा चहा घेऊन दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

तात्या उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कप घेतला. "एवढंच हुतं, पोरी. मी तवाच बोलायला पायजे हुतं."

स्नेहल खुदकन हसली, मनगटाने डोळे पुसले, आणि साखर पुरेशी आहे का, असं त्यांना विचारलं.